कोपऱ्यावरच टॉप

शहाण्या,

खिळ्यावर किल्ली शोधत आला असशील. ती माझ्या पर्समध्ये आहे आणि मी कामावर चालले आहे.

बाबांच्या आंघोळीची वेळ झाली की तू मोटरसायकल काढून सटकतोस. आवाज होऊ नये म्हणून कोपऱ्यावरच टॉप गिअर टाकतोस. गाडी रांगत असताना टॉप टाकला की ती गप्प बसत नाही रे, गचके खात बोंब मारते. चिरंजीव पळाले, हे अख्ख्या गल्लीला कळतं. किळस येते मला तुझी.

"तिसऱ्यात मोकळी पळू दे, मग टाक," हे तुला सांगून सांगून बाबांचा घसा सुकला होता. आता वाचा गेली, उजवं अंग गेलं. पण कान शाबूत आहेत.

काल तू निघालास तेव्हा मी त्यांचे पाय पुसत होते. डावा पाय माझ्या हातात हलायला लागला. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. तू टॉप टाकलास, त्यांनी नाही टाकला. तुझी गाडी ऐकू येईनाशी झाली तरी त्यांचा चवडा तसाच उचललेला होता.

पाणी तापवून बादलीत ओतलंय. निवायच्या आत त्यांना आंघोळ घाल.

डाव्या पायापासून सुरुवात कर.

ताई