डावीकडे, मध्ये, उजवीकडे

प्रिय रिद्धी,

गेले दहा महिने मी फोन उचलला की तू "आईला द्या" एवढंच म्हणतेस, आणि मीही मुकाट्याने देतो. म्हणून हे पत्र. कागदाला तसं म्हणता येत नाही.

दिवाळीत मी काय बोललो ते मला तोंडपाठ आहे. स्वीडनच्या तुझ्या संघाने एका मोसमात तुला डावीकडून मध्ये, मधून उजवीकडे हलवलं, आणि मी म्हणालो, "जिला ठरलेली जागा नाही, ती कुणालाच नको असते." कापड दुकानात चाळीस वर्षं एकाच गादीवर बसलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

अभिमान आधीपासूनच होता गं, तो सांगायची अक्कल नव्हती. आपल्या पेठ गावच्या शाळेत सिमेंटवर चाकांचे बूट घालून तू गुडघे फोडलेस, लडाखच्या गोठलेल्या तळ्यावर खेळलीस, मग देशाकडून. आइस हॉकीवर पोट भरणारी दुसरी कुणी आंबेगाव तालुक्यात असेल तर दाखवा, असं मी गिऱ्हाइकांना बजावतो. ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बायडाबाईंनाही सोडत नाही.

मार्चमधला तुमचा शेवटचा सामना दुकानातच मोबाइलवर पाहिला. सुरुवातीला तू डावीकडे होतीस. मधली खेळाडू जखमी झाली, तुला मध्ये घेतलं. शेवटी उजवीकडून तू ती काळी चकती जाळ्यात मारलीस, तेव्हा मी गादीवर उभा राहून ओरडलो. नंतर मात्र सवयीने पुटपुटलो, पोरीला एक जागा काही देत नाहीत. आपला सोपान साड्यांच्या घड्या घालत होता. तीस वर्षांत कधी उलटून बोलला नाही. म्हणाला, "शेठ, लग्नसराईत तुमी मला दिवसातनं तीन येळा हलवता. साड्या, धोतरं, परत कापड फाडायला. ते मी नको म्हणून व्हय?"

सोपानला मी हलवतो, कारण तो बसेल तिथलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही.

तरी तुला फोन केला नाही. बाप ना मी! काल संवत्सरी झाली. आज सकाळपासून घरोघर हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत क्षमा मागत फिरलो, ज्यांचं कधी काही बिघडवलं नाही त्यांचीही. घरी आलो तर तुझी आई रडत होती. म्हणाली, रिद्धीने नव्या करारावर सही केलेली नाही, पप्पांना पटत नसेल तर परत येऊन दुकानात बसते म्हणाली. पोरी, मी चुकलो. मला क्षमा कर. पण दुकानात मी तुला पाय ठेवू देणार नाही. आजच सही कर.

तुझाच,
पप्पा