पोटाशी बांधलेलं पिल्लू

१२ जुलै, शनि.
सकाळी ट्रुगानिनाच्या गोदामातून टाइल्स घेऊन निघालो. वळणावर कांगारूची मादी मरून पडलेली. कुणीतरी आदळेल म्हणून व्हॅन थांबवून बाजूला ओढायला गेलो. शेपटी धरली तर बारीक च् च्. वाटलं, व्हॅनचा बेल्ट. इंजिन तर बंद होतं. आवाज तिच्या पिशवीतून.

हात घालवेना. घातला. आत अजून ऊब.

वीतभर पिल्लू. जॅकेटच्या आत घेतलं. डिलिव्हरी राहिली.

नीतानं जुन्या सुती साडीची पिशवी शिवून माझ्या गळ्यात अडकवली. "पोरांना कधी इतकं घेतलं नाहीत." खरंय. मग नातवंडांसाठी आणलेलं चांदीचं बोंडलं काढलं. गाईचं दूध, निम्मं पाणी, कोमट. पिल्लू प्यायलं. दोघंही खूश.

१३, रवि.
जुलाब. तीन पिशव्या बदलून झाल्या. कान लावला की छातीत नुसती फडफड.

पोरगी फोनवर, "बाबा, यू कान्ट जस्ट कीप इट." तिनंच पॉइंट कुकच्या बाईंचा नंबर दिला. लिन, अनाथ पिल्लं सांभाळतात. त्यांचं पहिलंच, "फेड इट एनिथिंग?"
"नो, नथिंग."
पटकन तोंडातून निघून गेलं. गिऱ्हाइकापुढे आधी हात वर करायचे, ही जुनी सवय.
म्हणाल्या, आज जागा नाही, उद्या सकाळी आणा. खोक्यात ठेवू नका, अंगावरच ठेवा. आई खाली ठेवत नाही.
नीता बोंडलं पुसत होती. "दुधाचं का नाही सांगितलंत?"
"दंडबिंड झाला तर?"
"त्याला काही झालं तर?"
जेवलो नाही. बसलो तरी पिशवीवर हात.

१४, सोम.
लिनबाईंनी पिशवी उघडून नुसता वास घेतला. माझ्याकडे बघितलं. सांगून टाकलं.
चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं. "हाऊ मच?" दोन बोंडली. म्हणजे किती, ते नीतानं तळहात खोलगट करून दाखवलं. गाईचं दूध यांना पचत नाही, म्हणाल्या, आणि लिहून घेतलं.
"इफ यूड सेड सो यस्टरडे..." पुढचं गिळलं.
रिकाम्या गळ्यानं घरी.

१५, मंगळ.
दुपारपर्यंत फोन नाही. मीच केला. "स्टिल हिअर. कान्ट प्रॉमिस, मेट." त्यांच्याकडे आणखी चार पिल्लं, अंग एकच. दिवसभर पोटाशी धरायला कुणी हवंय. तुमचा वास त्याच्या ओळखीचा, म्हणाल्या.
उद्या सातला जातो म्हटलं. तोवर असेल का, ते विचारायचं धाडस झालं नाही.