रावजीचं पोस्टाचं ओळखपत्र

रायपूर, मार्गशीर्ष, १९९४

तीर्थस्वरूप आईला बिरूचा पाया पडून नमस्कार.

मी बरा हाय, दोन्ही येळ जेवतोय. छकुलीचा ताप उतरला का?

आई, नरसिंहपूरचा आपला रावजी, हितं माझ्यासंगं कामाला हुता त्यो, गेला. बाजारात छाती धरून खाली बसला, लोकांनी दवाखान्यात नेला, तितंच संपला. घरनं आलेलं रजिस्टर पार्सल सोडवायला त्यानं पोस्टाचं ओळखपत्र काढलं हुतं. ते खिशात हुतं, त्यावर हितला पत्ता, म्हणून पोलीस आमच्या कालव्याच्या कामावर आले. न्हायतर त्याला बेवारस म्हणून जाळला असता.

हवालदारानं इचारलं, "हा तुमचा कोण?"

"भाऊ," मी म्हणालो. अग्नीबी मीच दिला.

त्याच्या बायकोला, छबूबाईला, तार केलीय. तू नरसिंहपूरला जा, चार दिवस तिच्याजवळ ऱ्हा. तिला सांग, ते कार्ड मी पोस्टानं धाडणार न्हाय, हातानं आणून देईन. त्याच्यावर रावजीचा फोटू हाय. घरात त्याचा दुसरा न्हाय.

काल मीबी माझं कार्ड काढायला दिलं. हितं मला वळखणारं आता कुणी उरलं न्हाय. तू मात्र जिवाला लावून घिऊ नको.

तुझाच,
बिरू