व्हई जाई

३ मार्च, चोपडा
केळीचा खरेदीदार आला, हॉलंडचा. दुभाषी मी. शीतगृहाची यंत्रंही माझ्याकडेच. त्याने विचारलं, वीज गेली तर खोल्या थंड राहतील का? मालक नाना हसून अहिराणीत म्हणाले, "व्हई जाई." होऊन जाईल. मी इंग्रजीत सांगितलं, नाही राहणार, दुसरा जनरेटर नाही. माझ्या वाक्यातला 'नो' नानांना कळला.

नानांच्या 'व्हई जाई'चा अर्थ 'नाही'च होतो. सगळ्या चोपड्याला माहीत आहे. धुळ्याला आमचे बाबा स्थळांनाही हेच सांगतात. मग मी चुकीचं काय सांगितलं?

४ मार्च
नाना रागावले नाहीत, दुखावले. ते जास्त वाईट. "पाव्हनाना तोंडवर नाही म्हनतस का, माय? जीभ भलती सरळ शे तुनी."

काल नानांच्या घरी जेवताना त्यांच्या बायकोने, अक्कांनी, पाहुण्याला भरीत वाढायला घेतलं, तर त्याने ताटावर आडवा हात धरला. नको. कारण नाही, हसू नाही. अक्का पळी धरून उभ्या. आज नाना सगळ्यांना सांगत होते, गोरा माणूस कसा रोखठोक!
तो रोखठोक. मी तोंडाळ.

९ मार्च
दुभाषी बदलला. आता नानांचा पुतण्या. त्याने फोनवर 'व्हई जाई'चं 'यस, यस' केलं. सौदा पक्का. पहिला कंटेनर वीसला.
जनरेटरचं विचारलं. नाना म्हणाले, पाहू. म्हणजे मागवलेला नाही.
वीज जाऊन माल इथेच पिकला की म्हणतील, यंत्रं हिच्याकडे होती.

१८ मार्च
पुतण्या लग्नाला पिंपळनेरला. दुपारी पाहुण्याचा फोन माझ्या मोबाइलवर. जनरेटर बसला का?
समोर नाना बशीत चहा ओतत होते. खुणेनेच: सांग, व्हई जाई.
सांगितलं. तेच शब्द, अहिराणीतच.
पलीकडून तो: मग, हे यस की नो?
स्पीकर लावला आणि फोन नानांच्या पुढ्यात सरकवला.
"नाना, तो तुम्हाला विचारतोय."
बशी हातातच राहिली. पाहुण्याने पुन्हा विचारलं.
नानांना दोन्ही शब्द येतात.