नाव किती जणांची घेऊ?

आणि फोन उचलायले तुह्या हाताले काय लकवा भरला होता का, नत्थूदादा? दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, मी लावून राहिली आणि तो वाजून राहिला. शेवटी तुह्या शेजारच्या कौमुदीनं सांगतलं, दादा ओट्यावर बसून फोनकडे पाहत असतात म्हणून. पाहायसाठी घेतला का तो? म्हणून कागद घेतला. चौथीत शाळा सुटली, अक्षर असंच येते, निमूट वाच.

(रीत राहूनच गेली. तीर्थरूप दादास गोदूचा वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे. तुह्या कंबरेचं कसं आहे? वहिनी गेल्यापासून स्वयंपाक करतो की चहावरच दिवस काढतो, ते लिही. खोटं लिहू नको.)

तर ऐक. तुह्या जावयाले, म्हणजे आमच्या ह्यायले, रेल्वेतून रिटायर झाल्यावर नाव घ्यायची हुक्की आली. साधी नाही, शिडाची. नवा रायपूरकडे एका तलावावर आता लोकायले स्वतःची नाव ठेवू देऊन राहिले. विकणारा मले विचारते, "दीदी, आपकी लाइफस्टाइल क्या है?" मी म्हटलं, नळ यायच्या आधी उठते आणि सगळे झोपल्यावर झोपते, हीच आहे. तो म्हणे, त्याच्या हिशोबानंच साइज ठरते. दोघांची, चौघांची की आठ जणांची, महिन्याच्या शेवटच्या रविवारी सांगा.

तेव्हापासून घरात लोकसभा भरून राहिली. हे म्हणतात चौघांची. आमचा पराग म्हणते मोठी घ्या, ऑफिसवाले येतील. सून स्नेहल म्हणते, "मम्मीजी, उसमें बाथरूम है क्या?" (मराठी तिले सगळी समजते, उत्तर तेवढं हिंदीत येते.) तिघंही मोबाइलमध्ये पाहून नाव मोजून राहिले.

बाबा कसा मोजत होता, आठवते ना? वैनगंगेचं पाणी उतरलं की पवनीच्या घाटाखाली रेतीवर आपल्या साऱ्यायले बसवायचा. पुढे माय, तिच्या पायाशी मासोळीची टोपली, मधात आपण पोट्टे, मागं तो स्वतः. गुडघ्याले गुडघा लागलाच पाहिजे म्हणे. जागा सुटली की माणूस हलते, माणूस हललं की डोंगा हलते. मग काठीनं आपल्याभोवती रेघ ओढायचा, आणि सुतार तेवढीच नाव करायले ती रेघ दोरीनं मोजून न्यायचा. धाकटी विजया झाली तेव्हा बाबानं डोंगा वाढवला नाही, तुले सांगतलं, गोदूले मांडीवर घे. अर्धी वैनगंगा मी तुह्या मांडीवरून पाहिली. आणि शीड म्हणजे मायचं जुनं लुगडं! वारा भरला की घाटावरच्या बाया दुरूनच ओळखत, आणि माय लाजून पदर तोंडावर घेई. तिची लाज आणि बाबाचं हसणं, दोन्ही मले अजून ऐकू येते.

तर मीही आमच्या तेलीबांध्याच्या बिल्डिंगीत, खाली पार्किंगमध्ये, खडू घेऊन घरच्यायले बसवलं. बसतील तर ना! ह्यांनी खुर्ची आणली, वरून टेकायले उशी. परागनं बर्फाचा डबा आणि गाण्याचा भोंगा ठेवला. स्नेहलनं योगाची चटई लांबच लांब पसरली (गुडघा कशाचा लागते, तिथं आवाजही पोचत नव्हता). रेघ ओढत ओढत मी दोन गाड्यायच्या मागून, एका स्कूटीले वळसा घालून गेटापाशी निघाली. चौकीदार भार्गव म्हणे, "दीदी, इसको तालाब में डालोगी कि तालाब को इसमें?" तेवढ्यात परागले फोन आला, तो उठला. त्याच्यामागं स्नेहल. हे चहाचं पाहायले गेले ते तिकडेच राहिले. एवढ्या मोठ्या नावेत मी एकटी, हातात खडू. वरच्या बाया गॅलरीतून पाहून राहिल्या होत्या, पाहू दे. पण दादा, इकडे हात केला, तिकडे हात केला, कोणी लागलंच नाही.

मग ओल्या फडक्यानं सारी रेघ पुसली आणि लहान ओढली. दोघांपुरती.

तुझी गोदू

ता.क. दुसरी जागा ह्यांची आहे असं समजू नको. ह्यायले बादलीतलं पाणी हललं तरी मळमळते. ते काठावर बसून फोटो काढतील, तसं कबूल करून घेतलं आहे.

आणखी ता.क. मले शीड बांधता येत नाही. बाबानं ते तुलेच शिकवलं, मी पोट्टी म्हणून मले दूर बसवलं. तू ये आणि शिकव. शिकायले मले वेळ लागते, उन्हाळ्यापर्यंत तरी लागेल. मागची खोली रिकामी केली आहे, हवा येते. दाराले कुलूप लाव, किल्ली कौमुदीजवळ दे. "पाहू" असं लिहू नको, मले त्याचा अर्थ समजते.

शेवटचं. एका माणसाची पण नाव मिळते म्हणे, मी विचारून घेतलं. ती मले नको. त्या रविवारच्या आधी, शुक्रवारपर्यंत, येतो का नाही ते कळव.