अळणी कालवण

सोमवार, ३ नोव्हेंबर
नोंद करण्यास अत्यंत दुःख होते की, आज सकाळी आमच्या राहत्या घरातून मिठाची बरणी बेपत्ता झाली. संशयित: नवरा. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेत मीठ, खिडकीच्या गजांवर मीठ, फक्त माझ्या ताटात नाही. दिवेआगरात राहून अळणी आमटी!

कारण बोर्लीच्या डॉ.बाई. बी.पी. चढलंय. मीठ, पापड, लोणचं, सुकी मासळी बंद. शिवाय रोज मनात येईल ते लिहायचं. "जेवण आणि लिहिणं, दोन्ही मिळून मन ताळ्यावर येतं." म्हटलं, साप्ताहिकात सदर लिहितेच की, अख्ख्या गावाची टर उडवते. म्हणाल्या, "ते गावाबद्दल. हे तुमच्याबद्दल."
बरं. घ्या.

मंगळ. ४
उपाशीपोटी लिहिलं. धाकट्या दिराने त्याची अर्धी वाडी रिसॉर्टवाल्याला विकली. आम्हाला पत्ता नाही. दोन्ही घरांची विहीर त्याच अर्ध्यात. त्याचं एक वेळ सोडा, तो जन्मापासून तसाच. पण मंगल! माझी जाऊ. वादळाने वाडी आडवी केली तेव्हा माड-पोफळीची रोपं आम्ही दोघींनी लावली. आणि ही कागदावर सही करून येते, त्याच संध्याकाळी मधल्या दगडी गडग्यापलीकडून मला विचारते, "ताई, शेवग्याच्या शेंगा हव्यात काय?"
शेंगा!
पानं भरली. मग नाचणीची अळणी पेज. राग जागच्या जागी, वर भूक.

गुरु. ६
मं.कडून डबा. ओल्या बोंबलाचं कालवण. यांनीच आणला, मान खाली घालून. खाणार नव्हते. खाल्लं. कोकम झकास, मीठ शून्य. वाडी विकायच्या घाईत घालायचं राहिलं असेल.
डबा घासून लख्ख केला आणि रिकामा पाठवला. चिमूटभर साखरसुद्धा नाही. आमच्या आळीत कुणाचा डबा रिकामा परत जात नाही. गेला तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.
हे: "अगं, काहीतरी घाल त्यात."
मी: "काय घालू? विहीर?"

रवि. ९
तोच डबा परत. भरलेला! अपमान केलेला कळत नाही का या बाईला? आणि पुन्हा अळणी.
आज आधी जेवले, मग लिहायला बसले. चूक झाली. भरल्या पोटी पेन दिराला शिव्या घालायला निघालं आणि भलतीकडेच गेलं. वादळानंतरचे दिवस, वीज नाही, मं. चिखलात फतकल मारून बसलेली. "ताई, ह्ये माड नारळ देतील तवा आपण म्हाताऱ्या झालेल्या आसू." मग दोघी हसून हसून...
पान फाडणार होते. राहू दे. डॉ.बाईंचा डाव दिसतोय, मला शांत करायचा. शांत बाईचं सदर कोण वाचतं?

सोम. १०
हे दिराकडे जेवून आले. (नको म्हटलं होतं.) तिथेही कालवण अळणी, ताटात मीठ वेगळं वाढलेलं. मं. यांना म्हणाली, "दादा, ताईंना मीठ बंद हाय ना. दोन-दोन कालवणं कुठं करू? सगळ्यांचंच आळणी करते. ज्याला हवं त्यानं वरून घ्या."
"माझं बी.पी. तिला कुणी सांगितलं?"
"मी."
"आणि तिची सही मला सांगायला त्या घरात कुणाची जीभ वळली नाही!"
दिवसभर फडताळं आपटली. तिच्यावर रागवायची इतकी छान सोय झाली होती. मध्येच हे अळणी कालवण. म्हणजे आता रागवायचंही नीट...

गुरु. १३
सदर पाठवलं नाही. इथेही दोन ओळीच. सहीचा राग आहे, राहणार. विहिरीचं बोलणं व्हायचंय आणि ते गोड होणार नाही.
दोघींनी लावलेल्या माडांपैकी माझ्या बाजूच्या एकाने यंदा पहिले नारळ दिले. एक फोडला. वड्या केल्या, डब्यात भरल्या, डबा गडग्यावर ठेवला. पलीकडे मं. विकलेली वाडी झाडत होती. अजून आपलीच असल्यासारखी.
हाक मारली नाही. झाकण तेवढं घट्ट लावलं. मुंग्या फार झाल्यात.