लेकीच्या घरची वीज

मु. पो. अड्याळ, ता. पवनी
रविवार

ती. गोदावरीताईस धाकट्या सोमाजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही उभयता बरे आहोत (ललिता खरोखरच बरी आहे, माझं तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं). भाटव्यांचा, म्हणजे तुझ्या यजमानांचा, गुडघा आता कसा आहे? भाऊबीजेला मला पोचवायला ते बस स्टँडपर्यंत चालत आले, तेव्हापासून माझ्या मनाला लागून राहिलं आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशील. तुझ्याकडे फोन लावला की सूनबाई स्पीकर सुरू करते, आणि मग आपल्या घरातली गोष्ट अर्ध्या साकोलीला कळते. तेव्हा हे पत्र चष्मा लावून एकटीनेच वाच.

गोष्ट डिंपलच्या मोटारीची आहे, पण आधी तुला आमच्या स्लॅबवर न्यावं लागेल. उन्हाळ्यात डिंपल नागपूरहून काही कागद घेऊन आली आणि म्हणाली, बाबा, इथे सही करा. मी केली (लेकीने दिलेला कागद कोणी वाचून सही करतं का?). पंधरा दिवसांत स्लॅबवर सोलरचे पॅनल बसले, तिच्या पगारातून. मागोमाग तिने विजेवरची मोटार घेतली. दर शनिवारी ती मोटारीने येते आणि रविवारी परत जाते. जाण्यापुरती वीज गाडीत भरायला हवी, म्हणून आपल्या इश्वर वायरमनकडून पडवीच्या भिंतीवर चार्जर लावून घेतला. त्या डब्याला तिने मोबाईलवरून अशी तंबी देऊन ठेवली आहे, की घरात वापरून जेवढी सोलरची वीज उरेल तेवढीच गाडीला द्यायची. ललिताने मिक्सर लावला की गाडीचा घास कमी होतो. ढग आला की डबा थांबतो, ऊन पडलं की पुन्हा सुरू. मी शनिवार-रविवार त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचो आणि मनाला समजवायचो, की लेकीची वीज लेकीच्या गाडीत चालली आहे, आपल्याकडे काही राहत नाही.

विजेचं बिल ललिताच भरते. दिवाळीच्या तोंडावर ते पहिल्यांदा माझ्या हाती आलं, जवळजवळ कोरं. मी घाबरून इश्वरला बोलावलं. त्याने सांगितलं, की गाडी नसते त्या पाच दिवसांची उरलेली वीज लाइनवर जाते आणि तुमच्या बिलातून वजा होते. शिवाय दिवसा घरातला पंखा आणि फ्रीज तर थेट पॅनलवरच चालतात. ताई, मी उठून आधी पंखा बंद केला. म्हणजे इतके महिने मी लेकीच्या घरचं खात होतो, तेही पंख्याखाली बसून. आपल्या बाबांनी तुझ्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही. साकोलीला उतरले की स्टँडवरच्या हॉटेलात आलूबोंडा खायचे, तिथेच पाणी प्यायचे आणि मग तुझ्या ओसरीवर येऊन बसायचे. डिंपलच्या लग्नात तूच चारचौघांत मला बजावलं होतंस, की आता हिच्याकडे पाण्यालाही शिवायचं नाही. मी शिवलो नाही. तिच्याकडे गेलो तर बाटली घरून नेतो.

मी इश्वरला म्हटलं, तिची वीज वेगळी कर आणि माझी वेगळी कर. तो डोकं खाजवत म्हणाला, "काकाजी, करंटवर कोनाचं नाव लिवलं नसते. घरात आला का तो घराचाच." त्याला काय जातं बोलायला. बटणाला हात लावायची माझी हिंमत नव्हती (एवढाल्या तारा, आणि त्यावर कवटीचं चित्र). म्हणून मी मार्ग काढला. सोमवारी सकाळी शिडी लावून वर जायचं आणि पॅनलवर धानाची ताडपत्री पसरायची, शनिवारी सकाळी डिंपल यायच्या आत काढायची. वारा आला की ताडपत्री उडेल याची धास्ती, विटा ठेवल्या की काच फुटेल याची धास्ती, शिडीवरून मी पडेन याची धास्ती ललिताला. त्यात धान कापून खळ्यात आलेलं. आभाळ आलं की तीच ताडपत्री धानावर आणि ऊन पडलं की पॅनलवर, असा मी दिवाळीपासून खळं ते स्लॅब पळतो आहे.

पण कोणत्या दिवशी किती वीज झाली, हे डिंपलला नागपुरात बसल्या बसल्या मोबाईलवर दिसतं, हे मला कुठे ठाऊक होतं! तिला दिसलं, की आपल्या बाबांच्या घरी सूर्य फक्त शनिवारी आणि रविवारी उगवतो. तिने दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा तो शनिवारीच आला, त्याला काही बिघाड सापडला नाही. मी त्याला चहा पाजला आणि त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

मागच्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी ती सुट्टी टाकून न सांगता आली. मी स्लॅबवर, हातात वीट. ती खालूनच म्हणाली, "बाबा, हे काय करून राहिले तुमी?" मला खोटं सुचलं नाही, सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. गाडीत परत जाण्यापुरतीही वीज नव्हती, पॅनल झाकलेले, सूर्य तलावापलीकडे टेकलेला. मला वाटलं, चला, आपल्याला संधी मिळाली. मी म्हटलं, "बाई, आमच्या करंटवर लाव ना गाडी, बाप देते तुले." तिथेच माझं चुकलं.

ती म्हणाली, "तुमचं मी घ्याचं, अन् माझं तुमाले चालत नाही? आत्याकडं दर भाऊबीजेले जेवता, तिथं नियम कुठं जाते? लहानपनी तुमच्या घरी जेवली मी, ते काय उसनं होतं?" ललिता मधे पडली, पण डिंपल थांबली नाही. गाडी पडवीपुढे चार्जरला लावलेली तशीच सोडून संध्याकाळच्या बसने गेली.

आज अकरा दिवस झाले. दोन शनिवार कोरे गेले. ललिताशी फोनवर दोन मिनिटं बोलते, माझं नाव काढत नाही. समोरच्या चंद्रभागाबाई रोज गाडीकडे पाहून विचारतात, लेक कायमची तर नाही ना आली माहेरी? गाडी अशीच उभी राहून बिघडते की काय, ही वेगळी काळजी. ताई, मला जेवण जात नाही. डिंपल आमची एकुलती. एक विचारतो, रागावू नकोस. बाबा हॉटेलात खाऊन तुझ्या ओसरीवर येऊन बसायचे, तेव्हा तुला कसं वाटायचं? इतक्या वर्षांत मी तुला हे विचारलं नाही.

भाटव्यांना नमस्कार, मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा
सोमाजी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. तू वडील माणूस, नियम तुझ्याच तोंडून निघालेला. एकदा नागपूरला जाऊन डिंपलच्या घरी पाणी पिऊन ये. आत्या प्याली तर बापालाही चालतं, असं काही निघतं का पाहा. निघत नसेल तर तू काढ. भाड्याचं मी बघतो.

आणखी ता. क. हे पत्र ललिताच्या हाती लागलं. वाचून ती हसली, आणि मग जे बोलली ते तुला कळवणं भाग आहे. मागच्या वर्षी नागपूरला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आठ दिवस दवाखान्यात होतो. तिथल्या वरणभाताची तारीफ मी गावात इतकी केली की लोक मला टाळायला लागले. तो दवाखान्याचा नव्हता. डिंपल कामावर जायच्या आधी घरून करून आणायची आणि ललिता व्हरांड्यात ताट बदलायची. मी एकदा नर्सबाईला म्हणालो होतो, तुमच्या स्वयंपाक्याला माझी शाबासकी सांगा. तेव्हा डिंपल खाटेशेजारी उभी होती.

सोमवार, दुपार. काल रविवार म्हणून पत्र टाकता आलं नाही. आज सकाळी वर जाऊन ताडपत्री काढली ती थेट धानावर नेऊन घातली. गाडी सकाळपासून ऊन खाते आहे. थोड्या वेळापूर्वी फोन वाजला. डिंपल. "बाबा, मोबाईलवर दिसून राहिलं मले. आता स्लॅबवर नका चढू, पडसान." मला पुष्कळ बोलायचं होतं, पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं सोडून दिलं. मी म्हटलं, "बाई, त्या दवाखान्यातला स्वयंपाकी आहे का अजून? वरण चांगलं करे तो." ती म्हणाली, शनिवारी डबा आणते.